पदाच्या डोक्यावरची ओळ
(राज्यभरच्या एकांकिका आणि नाट्यलेखन स्पर्धांच्या संयोजकांना खुले पत्र)

संयोजकहो,



तुमच्यातल्या बहुतेकांशी माझी ओळख आहे ती संहितांच्या गठ्ठ्यांमुळे. स्पर्धा जवळ आली की तुमचा फोन येतो, पाठोपाठ गठ्ठा येतो आणि मग महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटांना जागा उरत नाही. प्राथमिक फेरीच्या परीक्षकाचं हे काम मी आवडीनं करते. मानधनाबद्दल तक्रार नाही. (प्रवासखर्चाबद्दल आहे, पण ती निराळ्या पत्रात.) आज लिहिते आहे ते प्रवेशिकेच्या शेवटच्या पानावरच्या एका वाक्याबद्दल. शब्द स्पर्धेगणिक थोडे बदलतात, आशय तोच असतो: सदर संहिता पूर्णतः स्वतंत्र असून ती कोणत्याही देशी वा विदेशी कलाकृतीवर आधारित नाही. खाली लेखकाची सही.

हे वाक्य काढून टाका, अशी माझी विनंती आहे. त्या जागी काय छापायचं तेही सांगणार आहे, पण त्याआधी एक हकिकत ऐका.

काही वर्षांपूर्वी एका फेरीत एक एकांकिका पाहिली. सुपारी घेतलेले दोघं एका बंद पडलेल्या लॉजच्या तळघरात निरोपाची वाट बघत बसलेत. भिंतीत पूर्वीची, खालच्या स्वयंपाकघरातून वर ताटं पोचवायची छोटी लिफ्ट आहे. ती अचानक खडखडते आणि खाली येते ती चिठ्ठी: दोन मिसळ, एक जादा पाव. दोघं गोंधळतात, जवळची बिस्किटं वर पाठवतात. पुढची चिठ्ठी येते साबुदाण्याच्या खिचडीची. तेव्हा कळतं, दोघांपैकी एकाला संकष्टी आहे. कोणाला मारायचं याची त्याला फिकीर नाही; वरच्या माणसाच्या खिचडीत कोणी कांदा घालू नये, याची आहे. प्रेक्षागृह हसून हसून लोळत होतं आणि मी हसता हसता खिन्न होत होते. कारण तळघर, दोन मारेकरी, भिंतीतली लिफ्ट, वरून येणाऱ्या ऑर्डरी, इतकंच काय शेवटचं रोखलेलं पिस्तूलसुद्धा हॅरॉल्ड पिंटरचं होतं. ‘द डम्ब वेटर’, १९५७ साली लिहिलेलं. प्रवेशिकेवर मात्र ‘स्वतंत्र’, आणि खाली एकवीस वर्षांच्या मुलाची ठसठशीत सही.

शेरा मीच मारला. नियमाप्रमाणे एकांकिका बाद झाली. नंतर तो मुलगा मला व्हरांड्यात गाठून म्हणाला, “मॅडम, ‘आधारित’ असं लिहिलं असतं तर फॉर्मच घेतला नसता. ‘स्वतंत्र’ लिहिलं तर नाटक बाद झालं. मग लिहायचं काय होतं?”

मी त्याला काहीतरी मोघम सांगितलं. काय सांगितलं ते आठवतही नाही, म्हणजे ते सांगण्यासारखं नसणार. घरी येऊन मात्र राहवलं नाही, म्हणून आजोबांची पेटी उघडली. आजोबा नाटकवाले नव्हते, पोस्टात होते. पण नाटकाचं वेड असं की संगीत नाटकांची पुस्तकं त्यांनी पोथ्यांसारखी जपली. त्या पुस्तकांत मला हवी होती ती ओळ पानापानावर होती. पद सुरू होण्याआधी, बारीक टाइपात, कंसात: चाल अमुक. मग कोणत्या तरी ठुमरीचे पहिले दोन शब्द, किंवा कानडी पदाचे, किंवा लावणीचे, किंवा आधीच्याच एखाद्या गाजलेल्या नाट्यपदाचे. नाही तर सरळ साकी, दिंडी, कटाव अशी ओळखीची नावं. कवीनं शब्द आपले लिहिले आणि सूर कोणाच्या घरून आणले तो पत्ता वर टाकला. ती ओळ छापताना कोणाला लाज वाटलेली दिसत नाही. उलट ती गाणाऱ्याच्या सोयीसाठी होती. पद कसं म्हणायचं, तर त्या दुसऱ्या पदासारखं. ते दुसरं पद ज्यानं ऐकलं असेल त्याला हे लगेच साधणार. आजोबांनी काही चालींपुढे पेन्सिलीनं बरोबरची खूण केली आहे. ते मूळ पद त्यांनी कुठे तरी प्रत्यक्ष ऐकलं असणार.

या ओळीचा उगम शोधत मागे गेलं की आपलं अख्खं रंगभूमीचं घर उसनवारीवर उभं असलेलं दिसतं. आपण ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा करतो, तुमच्यापैकी काहींच्या स्पर्धांची घोषणाही त्याच दिवशी होते. १८४३ साली त्या दिवशी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. का केलं? तर उत्तर कर्नाटकच्या किनाऱ्याकडची, कर्कीची भागवत मंडळी सांगलीत येऊन खेळ करून गेली आणि सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांना वाटलं, असं काही आपल्या भाषेत व्हावं. गोष्ट रामायणातली, घाट कानडी खेळाचा, पैसा संस्थानिकाचा, आणि या सगळ्यातून निघालेली वस्तू मराठी. तुमच्या प्रवेशिकेवरच्या त्या वाक्याखाली भाव्यांना सही करता आली नसती.

अण्णासाहेब किर्लोस्करांनाही आली नसती. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतल’चा पडदा वर गेला. पारशी मंडळींचा ‘इंद्रसभा’ पाहून अण्णासाहेबांच्या मनानं उचल घेतली, असं सांगतात. नाटक कालिदासाचं. पदं दोनशेच्या घरात, आणि चाली म्हणाल तर कीर्तनातल्या, लावणीतल्या, बायकांच्या गाण्यांतल्या, शिवाय गुर्लहोसूरच्या या माणसाच्या कानात लहानपणापासून बसलेल्या कानडी. आणि कालिदास तरी कुठे कोऱ्या कागदावर लिहीत होता? शकुंतलेची कथा महाभारताच्या आदिपर्वातली. पण तिथे दुर्वासाचा शाप नाही, अंगठीही नाही. तिथला दुष्यंत तिला ओळखत असूनही लोकापवादाच्या भीतीनं नाकारतो. कालिदासानं शाप घातला, अंगठी घातली, ती माशाच्या पोटात घातली, आणि एका भित्र्या राजाच्या गोष्टीची विसरण्या-आठवण्याची गोष्ट झाली. आज शाळेतल्या मुलाला शकुंतला म्हटलं की आधी अंगठी आठवते. म्हणजे उसनी कथा जिच्यामुळे जगभर ओळखली गेली, ती वस्तू उसनं घेणाऱ्याची.

आपल्याकडेच असं चालायचं, असा समज करून घेऊ नका. लंडनला २९ जानेवारी १७२८ रोजी जॉन गे नावाच्या गृहस्थानं ‘द बेगर्स ऑपेरा’ रंगमंचावर आणलं. तेव्हा तिथे इटालियन ऑपेराची फॅशन होती. राजे, देवता, भरजरी कपडे. गेनं चोर, दलाल आणि तुरुंगाधिकारी उभे केले आणि त्यांच्या तोंडी ६९ गाणी दिली. चाली बहुतेक सगळ्या रस्त्यावरच्या, लोकांच्या तोंडातल्या; एक तर थेट हँडेलच्या ऑपेरातल्या लष्करी कूचगीताची, तीही दरोडेखोर कामगिरीवर निघतात तेव्हाची. त्या नाटकाचं छापील पुस्तक पाहिलंत तर आपल्या किर्लोस्करांच्या पुस्तकाची आठवण येईल. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर मूळ गाण्याचे पहिले शब्द दिलेले आहेत. इकडे किर्लोस्कर, तिकडे गे, मध्ये दीडशे वर्षं आणि दोन समुद्र. एकानं दुसऱ्याचं पाहिलं असण्याचं काही कारण नाही. गाणारा माणूस समोर असला की ती ओळ आपसूक छापावी लागते, एवढाच याचा अर्थ. शिवाय गेच्या बाबतीत त्या ओळीत गंमतही होती. प्रेक्षकाला मूळ भोळंभाबडं गाणं ठाऊक होतं म्हणून तर चोराच्या तोंडी ती चाल आली की हशा पिकायचा. चाल लपवली असती तर विनोदच मेला असता. आचार्य अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’चं, १९२५ सालचं, तेच आहे. ज्या कवींची टोपी उडवली त्यांच्या कविता ज्याला पाठ, त्यालाच ती फुलं जास्त हसवणार.

पुढे १९२८ मध्ये, म्हणजे बरोबर दोनशे वर्षांनी, बर्टोल्ट ब्रेख्तनं बर्लिनमध्ये हेच नाटक ‘थ्रीपेनी ऑपेरा’ म्हणून उभं केलं. गेच्या नाटकाचं जर्मन भाषांतर केलं होतं एलिझाबेथ हाउप्टमान या बाईंनी. त्यांचं नाव मागे राहिलं आणि ब्रेख्तचं पुढे गेलं. कुर्ट वाइलचं संगीत नवं, पण एक चाल त्यानं मुद्दाम गेच्याच नाटकातली ठेवली. एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. ब्रेख्तनं काही गाण्यांत फ्रान्स्वा व्हियाँ या जुन्या फ्रेंच कवीच्या ओळी घातल्या, आणि त्या घेतल्या के. एल. आमर या टोपणनावानं लिहिणाऱ्या भाषांतरकाराच्या जर्मन पुस्तकातून. व्हियाँचं नाव आलं, आमरचं आलं नाही. १९२९ मध्ये आल्फ्रेड केर या समीक्षकानं ते चव्हाट्यावर आणलं. ब्रेख्तनं कबुली दिली ती मोठी मासलेवाईक: बौद्धिक मालमत्तेच्या बाबतीत आपण मुळातच ढिले आहोत, अशा अर्थाची. मला ब्रेख्त लेखक म्हणून फार मोठा वाटतो, पण हे उत्तर मला कधी आवडलं नाही. मालमत्तेविषयी ढिलाई तत्त्व म्हणून ठीक. पण मग स्वतःच्या नाटकाच्या मानधनाबाबतही ती दिसायला हवी होती. आमरला नंतर मानधनातला वाटा मिळाला, आणि विस्मृतीत गेलेलं त्याचं पुस्तक १९३० मध्ये पुन्हा छापून आलं, पुढे ब्रेख्तचं एक सुनीत जोडून. म्हणजे ब्रेख्तनं चालीची ओळ शेवटी लिहिली, पण पकडला गेल्यावर. सुरुवातीलाच लिहिली असती तर खर्च एका ओळीच्या शाईचा होता.

ते नाटक १९७८ मध्ये पुण्यात पोचलं. पु. ल. देशपांड्यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिलं, थिएटर अकादमीनं जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली ते केलं. लंडनचे चोर बर्लिनमार्गे आपल्याकडे आले तेव्हा त्यांना गण-गवळण सापडली, आणि ती त्यांना परकी वाटली नाही. पुलंनी कुठलीच गोष्ट लपवली नाही. नावातच ‘तीन पैशाचा’ आहे. गोगोलचा इन्स्पेक्टर त्यांनी ‘अंमलदार’ केला, शॉचं ‘पिग्मॅलियन’ १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’ झालं. आता ‘ती फुलराणी’ म्हटलं की किती जणांना आधी शॉ आठवतो आणि किती जणांना भक्ती बर्वे, याचा हिशेब तुम्हीच करा.

पण मला तुमच्याशी जास्त वेळ बोलायचं आहे ते देवलांबद्दल. गोविंद बल्लाळ देवल. ‘शारदा’ त्यांचं स्वतःचं नाटक, १८९९ चं, आणि त्याबद्दल ते अमर आहेतच. पण उसनं कसं घ्यावं हे शिकायचं असेल तर ‘संशयकल्लोळ’ समोर ठेवावं. मोलिएरनं १६६० मध्ये पॅरिसला ‘स्गानारेल’ लिहिलं. १७६१ मध्ये लंडनला आर्थर मर्फीनं त्यावरून इंग्रजी नाटक रचलं, मोठं, पाच अंकी. त्या इंग्रजीवरून देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक केलं आणि नंतर त्यालाच पदं घालून ‘संगीत संशयकल्लोळ’ केलं. ते १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं रंगमंचावर आणलं, तेव्हा देवल हयात नव्हते.

सांगाडा मोलिएरचाच आहे. रस्त्यात एका तरुणीला भोवळ येते, एक विवाहित गृहस्थ तिला सावरतो, त्याची बायको ते नेमकं बघते. तरुणीच्या हातातली तिच्या प्रियकराची तसबीर खाली पडते, ती बायकोच्या हाती लागते, आणि आता नवरा ते बघतो. दोन संशय समोरासमोर. हे यंत्र इतकं चोख आहे की कुठल्याही देशात चालेल. म्हणून तर मोह होतो, नावं बदलून जसंच्या तसं उचलायचा. देवलांनी काय केलं पाहा. नावं बदललीच, पण कशी? फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती, भादव्या. सगळी माणसं पंचांगातून आणली. महिने आणि नक्षत्रं एकमेकांवर संशय घेत फिरताहेत, हे ऐकूनच हसू येतं, आणि ही गंमत मोलिएरच्या बापाला सुचली नसती, कारण त्याच्याकडे नक्षत्रांचं पंचांग नव्हतं. पण त्याहून मोठी गोष्ट रेवतीची. पॅरिसची ती तरुणी प्रतिष्ठित घरातली मुलगी आहे. अडचण काय ती बापाची. देवलांची रेवती नायकिणीच्या घरातली आहे. अश्विनशेठला तिच्याशी लग्न करायचं आहे. झालं, संशयाच्या यंत्राखाली एकदम दुसरंच पाणी वाहायला लागलं. फाल्गुनरावाचा संशय हा हसण्याचा विषय राहिला; पण रेवतीवर अश्विनशेठ संशय घेतो तेव्हा तो सगळ्या समाजाच्या तोंडचा संशय असतो, आणि रेवतीला तो जन्मभर माहीत असतो. प्रयोगात ही जागा चांगल्या नटीच्या हातात पडली तर हसता हसता मध्येच सभागृह गप्प होतं. मी ते पाहिलं आहे. हे देवलांनी कुठून घेतलं? कुठूनही नाही. ते इथेच होतं, आणि ते दिसायला त्यांना मोलिएरचं यंत्र हातात घ्यावं लागलं.

त्या व्हरांड्यातल्या मुलाची संकष्टी मला यापेक्षा फार लहान वाटत नाही. पाप करताना उपास मोडू नये याची काळजी करणारा मारेकरी पिंटरकडे नाही. तो आपल्याकडचा आहे, तो मी ओळखते. आमच्या गल्लीत असे दोन तरी निघतील. तो सापडायला त्या मुलाला पिंटरच्या तळघरात उतरावं लागलं. तुमच्या नियमानं त्याला सांगितलं, उतरलास तर गुपचूप उतर.

इथे कोणी म्हणेल, बाई सगळंच माफ करायला निघाल्या. तसं नाही. आपल्या परंपरेत या बाबतीत दोन गोष्टी निराळ्या ठेवल्या होत्या आणि ते भान एकनाथांइतकं कोणाला नव्हतं. शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मधल्या तीनशे वर्षांत लोकांनी त्यात हवं ते घुसडलं होतं. ते काढून झाल्यावर शेवटी नाथांनी सक्त ताकीद लिहून ठेवली: यात आता कोणी आपली ओवी घालू नका. घालील त्याला त्यांनी अमृताच्या ताटात करवंटी ठेवणाऱ्याची उपमा दिली. इतका कडक संपादक! आणि हेच नाथ स्वतः भागवतावर टीका लिहितात, रामायण आपल्या भाषेत नव्यानं सांगतात. यात विसंगती नाही. दुसऱ्याच्या नावावर आपलं खपवू नये आणि आपल्या नावावर दुसऱ्याचं खपवू नये. बाकी दुसऱ्याचं घेऊन, सांगून, आपलं काही उभं करावं. ज्ञानेश्वरांनी तरी व्यासांच्या मागोमाग आणि भाष्यकारांना विचारत आलो हे सांगण्यात कमीपणा मानला नाही.

संगीतातही असंच. ख्यालाची एकच बंदिश चार घराण्यांत चार तऱ्हांनी येते आणि अस्ताई-अंतऱ्यात रचणाऱ्याची मुद्रा असते. ‘सदारंग’ म्हणजे मुहम्मदशहाच्या दरबारचे नियामत खाँ. अडीचशेहून अधिक वर्षं गवई त्यांचं नाव गातात आणि गाणं मात्र प्रत्येकाचं स्वतःचं. कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदं मांडली तेव्हा कार्यक्रमाचं नाव ठेवलं, ‘मला उमजलेले बालगंधर्व’. त्या तीन शब्दांत सगळं आलं. पद कोणाचं, समज कोणाची, आणि ऐकणाऱ्यानं तुलना केली तरी चालेल हा दिलदारपणा. या नावासारखं वाक्य मला प्रवेशिकेवर हवं आहे.

कायदा याच्या आड येतो का, असं तुमच्यातल्या एकानं मला फोनवर विचारलं होतं. थोडा येतो, आणि यायलाच हवा. १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राखतो, आणि रूपांतराचा हक्क त्यातच येतो. कालिदास, मोलिएर, गोगोल, देवल मोकळे आहेत. पिंटर २००८ मध्ये गेले, म्हणजे २०६८ संपेपर्यंत त्यांचं नाटक परवानगीशिवाय करता येणार नाही. शिरवाडकर १९९९ मध्ये गेले, पुलं २००० मध्ये, तिथेही तेच. चालीची ओळ लिहिली म्हणून परवानगी लागत नाही असं नाही. ऋण सांगणं आणि परवानगी घेणं ही दोन कामं आहेत. एकानं दुसरं होत नाही. पण तुमच्या नियमानं घोळ असा झाला आहे की मुलं परवानगी मागतच नाहीत, कारण मागणं म्हणजे कबुली, आणि कबुली म्हणजे बाद. आणि मूळ नुसती कल्पना असेल तर कायदाही आड येत नाही. ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा सिनेमा चोरला, असा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९७८ मध्ये, म्हणजे ‘तीन पैशाचा तमाशा’ आला त्याच वर्षी, न्यायालयानं सांगितलं की विषय आणि कल्पना कोणाच्या मालकीची नसते, मालकी असते ती मांडणीची. बाप मुलांमध्ये मालमत्ता वाटून रस्त्यावर आला, ही कल्पना लिअर राजाचीही आणि गणपतराव बेलवलकरांचीही. शिरवाडकरांनी तर १९७० च्या ‘नटसम्राट’मध्ये नायकालाच शेक्सपिअरच्या भूमिका केलेला नट बनवलं. चालीची ओळ त्यांनी पात्राच्या अंगावर शिवली.

आणखी एक गाऱ्हाणं आहे आणि ते फक्त तुमच्यासाठी नाही. तुमच्या फलकांवर ‘पार्श्वसंगीत’ या शब्दापुढे जे नाव असतं, त्या मुलानं पाच परदेशी सिनेमांचं संगीत लॅपटॉपवर एकापुढे एक लावलेलं असतं. दर तिसऱ्या एकांकिकेत तोच गाजलेला अवकाशातला ऑर्गन ऐकून मी कंटाळले आहे. त्यावर कोणी बाद होत नाही. आणि गाणं आपल्या मातीतलं असलं की फलकावर ‘पारंपरिक’ लिहून मोकळं व्हायचं. पारंपरिक म्हणजे काय, आकाशातून पडलेलं? गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर. त्यांनी ओवी लिहिली तशी बाईचं नाव लिहिलं, गावाचं लिहिलं. हजाराहून जास्त गावांतल्या बायकांची नावं लिहून घेता येतात, तर एकांकिकेत वापरलेल्या एका लावणीसाठी ती कोणत्या फडात, कोणाकडून ऐकली एवढं लिहिणं जड नाही. शेक्सपिअरचं नाव सगळेच टाकतात, त्यानं आपली उंची वाढते. ज्याचं नाव टाकून काही मिळत नाही त्याचं टाकणं अवघड जातं.

म्हणून प्रवेशिकेत ‘स्वतंत्र’च्या प्रतिज्ञेऐवजी एक चौकट ठेवा आणि तिच्यावर सरळ ‘चाल’ असं छापा. दोन-चार ओळी पुरतील. कुठून घेतलं, काय घेतलं, काय आपलं घातलं. मूळ लेखकाचे हक्क शिल्लक असतील तर परवानगीचं पत्र सोबत. चौकट रिकामी असली तरी हरकत नाही. भरलेली असली म्हणून गुण कापू नका. ज्यानं लपवलं आणि सापडला, त्याला मात्र खुशाल बाद करा, मी सही करीन.

याचा तोटा तुम्हालाही ठाऊक आहे. परीक्षकांचं काम वाढेल. ‘स्वतंत्र’ वाचून आम्ही डोळे मिटून गुण देत होतो, आता मूळ नाटक शोधून वाचावं लागेल आणि मधल्या अंतराला गुण द्यावे लागतील. दोघांमधलं अंतर मोजणं हे नवं नाटक तपासण्यापेक्षा अवघड आहे, मला स्वतःला त्याची सवय नाही. आमच्यातले काही परीक्षक सोडून जातील. आळशी मुलं नेटफ्लिक्सवरचं काहीतरी उचलून चौकटीत प्रामाणिकपणे तसं लिहून आणतील आणि आपण प्रामाणिकपणाला गुण द्यायचे की आळसाला शून्य, यावर चहाच्या तिसऱ्या कपापर्यंत वाद घालू. घालू या. आत्तापर्यंत आपण ‘हे ढापलंय का’ एवढाच वाद घालत होतो.

जाता जाता एक. तो मुलगा आता सव्वीसचा झाला असेल, नोकरीला लागला आहे. यंदा त्यानं पुन्हा संहिता पाठवली आहे, तुमच्यापैकी एकाच्या स्पर्धेला. कुठल्या, ते सांगत नाही. मला त्यानं आधी फोन केला आणि विचारलं, शेवटच्या पानावर सही करू का? मी म्हटलं, जे खरं असेल ते कर. त्यानं ‘स्वतंत्र’ शब्दावर काट मारली आहे, समासात पेनानं ‘चाल’ असं लिहून पुढे एका जुन्या नाटकाचं नाव घातलं आहे, आणि सही केली आहे. ते नाटक कोणाच्याही परवानगीची गरज नसलेलं आहे, हे मी तपासलं. गठ्ठ्यात तो फॉर्म सापडेल तेव्हा ‘अपूर्ण’चा शिक्का मारण्याआधी मला एक फोन करा. परीक्षक म्हणून त्या फेरीतून माझं नाव काढलंत तरी चालेल.

कळावे,
आपली,
प्राथमिक फेरीची एक परीक्षक